थेटरांचे जुने फोटो कोठे शोधावेत?

श्रीगोंद्यात कोणापाशी जुन्या टॉकीजचा फोटो मागितला की तो आधी हसतो. ज्या तंबूत बायका एका बाजूला व पुरुष दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसत, त्याचा फोटो कोण काढणार? प्रश्न रास्त आहे. ज्या काळी घरात लग्नाचा एक फोटो असला तरी पुष्कळ, त्या काळी चित्रपट पाहायला गेलेल्या माणसाने थेटराचे चित्र काढून ठेवावे हे संभवत नाही. तरीही असे फोटो मिळतात. फक्त ते थेटराचे म्हणून काढलेले नसतात.

मोठ्या शहरांनी तरी काय जपले? 3 मे 1913 रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला. 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ गिरगावातच मॅजेस्टिकमध्ये बोलू लागला. पुण्याचे आर्यन 1915 साली सुरू झाले व 1983 साली बंद पडले. यांपैकी एकही वास्तू आज उभी नाही. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. तेथे रिळांबरोबर पोस्टरे, फोटो, गाण्यांची पुस्तके जपलेली आहेत. शोधणाऱ्याने तेथे अवश्य जावे. पण तालुक्याच्या गावचे थेटर तेथे सापडेल या भरवशावर राहू नये. ते गावातच शोधावे लागते.

जत्रेत पडदे लावून फोटो काढणारे बसत. कुटुंब पुढे, आणि पडद्याच्या कडेने मागे तंबूचा कोपरा किंवा मशीन घेऊन आलेला ट्रक, असे कित्येकदा दिसते. वरातीच्या फोटोत रस्ता असतो आणि रस्त्यावर थेटराची पाटी असते. सरकारी दप्तरही विसरू नये. 1953 च्या सिनेमा नियमन कायद्याप्रमाणे थेटराला परवाना लागे. ती फाइल शाबूत असेल तर नकाशा आणि तारखा मिळतात. मालकाच्या घरी मात्र बहुधा उद्घाटनाचे हार व पाहुणेच सापडतात. खरा ठेवा ऑपरेटर, बुकिंग क्लार्क आणि डोअरकीपर यांच्या घरी असतो.

हे आम्ही शिकलो ते हौसेने नव्हे. जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या थेटराचा डोअरकीपर ग्रॅच्युइटीसाठी आमच्याकडे आला. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या थेटराला तेव्हा 1981 च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड व ग्रॅच्युइटी लागू होती; परंतु ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची नोकरी दाखवावी लागे. हजेरीपट नव्हता. मालक म्हणाले, हा गडी तीनच वर्षे होता. शेवटी ऑपरेटरच्या घरी खंडेनवमीचा एक फोटो निघाला. मशीनची पूजा करून सगळी मंडळी दारात उभी, आमचा डोअरकीपर त्यांत, आणि वर ‘माहेरची साडी’ची पाटी! चित्रपट 1991 चा, म्हणजे माणूस 1991 साली कामावर होता, असे आम्ही मोठ्या तोऱ्यात मांडले.

समोरच्या वकिलाने शांतपणे विचारले, “तो चित्रपट आमच्याकडे त्याच वर्षी लागला कशावरून?” आणि वकिलाचे बरोबर होते. लहान गावात चित्रपट उशिरा येई, आणि चाललेला असला तर पुनःपुन्हा येई. पाटीवरच्या नावावरून एवढेच कळते की फोटो त्याआधीचा नाही. शहरातही हीच गत. ‘सांगत्ये ऐका’ 1959 सालचा. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो 131 आठवडे चालला. त्याच्या पाटीवरून फोटोचे वर्ष कोणते धराल?

मग आम्ही फोटो उलटा केला. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का व निगेटिव्हचा नंबर होता. स्टुडिओवाल्याच्या वडिलांची वही माळ्यावर होती. नंबर 1992 च्या ऑक्टोबरात निघाला. त्याला दोन सोबत्यांची साक्ष जोडली आणि सात वर्षांची ग्रॅच्युइटी पदरात पडली, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने. मागणी अकरा वर्षांची होती.

तेव्हापासून आम्ही फोटोची पाठ आधी पाहतो. मूळ प्रत कोणाकडून नेत नाही. तेथेच दोन्ही बाजूंची नक्कल घेतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, कारण चित्र काचेवर राहते आणि हातात कोरा कागद येतो. काचेवरूनच नक्कल घ्यावी. आणि म्हाताऱ्या माणसाला सालाविषयी विचारण्यापेक्षा शेजारी कोण उभे आहे ते विचारावे. साल चुकते, माणूस सहसा चुकत नाही.

फिरत्या टॉकीजच्या अखेरच्या काळात अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या तंबूंत जाऊन पडद्याच्या उजेडात उजळलेले प्रेक्षकांचे चेहरे टिपले. त्या फोटोंना 2011 साली वर्ल्ड प्रेस फोटोचे पारितोषिक मिळाले. शर्ली अब्राहम यांच्यासमवेत त्यांनी केलेला या टॉकीजवरचा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला. कॅमेरा पडद्याकडे पाठ करून माणसांकडे वळला, हे आम्हांला फार पटले.

खंडेनवमीच्या त्या फोटोत कडेला खळीची बादली धरलेला एक पोऱ्या उभा आहे. तो पोस्टरे चिकटवणारा असावा. त्याचे नाव अजून कोणी सांगितलेले नाही. श्रोत्यांपैकी कोणी त्या कामातल्या जुन्या माणसाला ओळखत असेल तर सांगावे. आम्ही फोटो घेऊन घरी येऊ.