श्वासाने बंद झालेली गुहा

नैऋत्य फ्रान्समध्ये वेझेर नावाची नदी वाहते. काठाला चुनखडीचे कडे, वर झाडी, खाली लहान गावे. त्यांतल्या मोंतिन्याक गावाजवळच्या टेकडीवर १२ सप्टेंबर १९४० रोजी चार मुलांना लास्कोची गुहा सापडली. आत सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीची चित्रे होती : घोडे, हरणे, बैल. एक बैल तर पाच मीटरहून लांब!

१९४८ मध्ये गुहा सर्वांसाठी खुली झाली. रोज हजारावर माणसे येऊ लागली. नुकसान करायचे कुणाच्या मनात नव्हते. पण त्यांच्या श्वासाने, अंगाच्या उबेने आतली हवा बिघडली. भिंतींवर हिरवे शेवाळ चढू लागले. अखेर १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली.

आज पर्यटक पाहतात ती प्रतिकृती. पहिली १९८३ मध्ये उघडली, तर जवळजवळ संपूर्ण गुहा दाखवणारी २०१६ मध्ये. मूळ गुहा टेकडीत अंधारात शांत आहे.

वर्गात हे सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, “मॅडम, मग नक्कल बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?”

मी म्हटले, “बेटा, आपण न पाहिल्याने एखादी वस्तू वाचत असेल, तर न पाहणे हीसुद्धा तिची कदरच.”