शाळेतला डिजिटल व्होल्टमीटर: पडद्यावरचा आकडा कितपत खरा?

आज आपण आठवी-नववीच्या मुलांना करता येईल असा साधा डिजिटल व्होल्टमीटर पाहणार आहोत. सामान किरकोळ आहे आणि जोडणी तास-दीड तासात होते. त्यामुळे आपला जास्त वेळ जोडणीत जाणार नाही. तो जाणार आहे एका प्रश्नात: पडद्यावर आकडा आला, पण तो खरा कशावरून?

एका शालेय विज्ञान प्रदर्शनात दोन मुलींनी असाच मीटर मांडला होता. सकाळी त्यांनी ९ व्होल्टची बॅटरी लावली, मीटरने ८.९६९७ दाखवलं. दुपारी लॅपटॉपचं चार्जिंग संपलं, म्हणून त्यांनी मीटर मोबाइलच्या चार्जरला लांब, बारीक केबलने जोडला. बॅटरी तीच, पण आता आकडा आला ९.५६०५. परीक्षकांनी विचारलं, "यातला खरा कोणता?" मुली गोंधळल्या. जोडणी बरोबर होती, प्रोग्रॅमही बरोबर होता. खरं सांगायचं तर आम्ही तिथेच उभे होतो, आणि आम्हालाही चटकन उत्तर देता आलं नाही.

उत्तर शोधायचं तर आधी हा मीटर मोजतो कसा ते बघू.

आपण वापरतोय अर्डुइनो उनो, आर-थ्री बोर्ड. त्यातल्या चिपमध्ये व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा एक भाग असतो. तो काम करतो अगदी वाण्याच्या तराजूसारखा. एका पारड्यात आपलं व्होल्टेज, दुसऱ्या पारड्यात वजनं. वजनं दहाच: ५१२, २५६, १२८, ६४ असं निम्मं निम्मं करत १ पर्यंत. आधी सगळ्यात मोठं वजन टाकायचं. जड झालं तर काढायचं, नाही झालं तर ठेवायचं आणि पुढचं टाकायचं. समजा उत्तर ७६१ आहे. मग ५१२ राहील, २५६ निघेल, १२८, ६४, ३२, १६ आणि ८ राहतील, ४ आणि २ निघतील, शेवटी १ राहील. बेरीज करून पाहा, ७६१ येते. दहा वजनांनी ० ते १०२३ एवढे आकडे तोलता येतात.

आता खरी गोम. ही वजनं कुठून आली? चिपला एक संदर्भ व्होल्टेज दिलेलं असतं, त्याचे १०२४ समान भाग म्हणजे ही वजनं. आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर अर्डुइनो स्वतःला मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठाच संदर्भ धरतो. आणि हा पुरवठा काही नेमका ५ नसतो. लांब केबलने तो ४.७ वर आला, की प्रत्येक वजन हलकं झालं. वजन हलकं झालं म्हणजे तेवढ्याच मालाला जास्त वजनं लागणार. प्रदर्शनात तेच झालं. सकाळी १६७ मोजले गेले, दुपारी १७८. प्रोग्रॅम दोन्ही वेळा संदर्भ ५ व्होल्टच धरून हिशोब करत होता. बॅटरी बदललीच नव्हती, वजनं बदलली होती.

यावर उपाय चिपमध्येच आहे. तिच्या आत सुमारे १.१ व्होल्टचा स्वतंत्र संदर्भ असतो, तो पुरवठा थोडा वर-खाली झाला तरी जवळजवळ स्थिर राहतो. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एका ओळीत 'अंतर्गत संदर्भ वापर' असं सांगायचं. संदर्भ बदलल्यावर पहिली काही मापं सोडून द्यायची, ती भरवशाची नसतात.

पण आता चिप १.१ व्होल्टपर्यंतच मोजणार, आणि आपल्याला तर ९ व्होल्टची बॅटरी मोजायची आहे. म्हणून दोन रेझिस्टर लागतात. बॅटरीच्या धन टोकापासून १०० किलोओहमचा, त्याच्या पुढे १० किलोओहमचा, आणि त्याचं दुसरं टोक ग्राउंडला. बॅटरीचं ऋण टोकही ग्राउंडलाच. दोन रेझिस्टर जिथे जोडले जातात तिथून एक तार अर्डुइनोच्या 'ए-झीरो' पिनला न्यायची. एकूण ११० पैकी १० किलोओहमवर जेवढं व्होल्टेज पडतं तेवढंच पिनला मिळतं, म्हणजे अकरावा भाग. ९ व्होल्टचे झाले ०.८२ व्होल्ट. मीटरचा पल्ला झाला ११ गुणिले १.१, म्हणजे १२.१ व्होल्ट. एक पायरी साधारण १२ मिलिव्होल्टची. पिन आणि ग्राउंडच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर आकडा कमी थरथरतो. दाखवायला दोन ओळींचा एलसीडी घ्या, 'आय-टू-सी' मॉड्यूल असलेला. त्याला चारच तारा लागतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, ए-फोर आणि ए-फाइव्ह.

इथे मुलांना एक गोष्ट बजावून सांगायची, आणि एकदा नाही, तीनदा. हा मीटर फक्त सेल आणि छोट्या बॅटऱ्यांसाठी आहे. घरातल्या सॉकेटला तो कधीही लावायचा नाही. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास जातं. बोर्ड जळेल हे सोडा, आपल्या मीटरचं ग्राउंड केबलमधून थेट लॅपटॉपशी जोडलेलं असतं, आणि लॅपटॉपवर मुलाचा हात असतो. जीव जाऊ शकतो.

संदर्भाचा प्रश्न सुटला असं वाटतं, पण अर्धाच सुटलाय. चिपमधला संदर्भ स्थिर असतो, पण नेमका १.१ असेलच असं नाही. चिपगणिक तो १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो. रेझिस्टरचंही तसंच. सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे. एक पाच टक्के जास्त आणि दुसरा पाच टक्के कमी निघाला, तर अकराच्या जागी बाराने भागलं जातं, आणि ९ व्होल्टचे ८.२ दिसतात. म्हणून एक टक्क्याचे रेझिस्टर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत ते सहज मिळतात.

राहिलेली चूक काढायला तराजूचा पासंग काढतात तसंच करायचं. शाळेच्या प्रयोगशाळेतला एक चांगला मल्टिमीटर घ्या. समजा तो बॅटरीचे ९.२४ व्होल्ट दाखवतोय आणि आपली चिप ७९६ मोजतेय. मग ९.२४ भागिले ७९६, म्हणजे ०.०११६०८. हा झाला आपल्या मीटरचा गुणक. ११ विसरा, १.१ विसरा, यापुढे मोजलेल्या आकड्याला यानेच गुणायचं. संदर्भाची चूक आणि रेझिस्टरची चूक, दोन्ही त्यात एकदम धरल्या गेल्या. मग दुसरा एखादा सेल लावून पडताळा घ्यायचा. मल्टिमीटर १.५६ म्हणाला आणि आपण १३४ मोजले, तर आपलं उत्तर १.५५५ येतं. ठीक आहे. पडताळा वेगळ्या व्होल्टेजवरच घ्या. ज्या बॅटरीवर गुणक काढला तिच्यावर तो जुळणारच, त्यात काय सिद्ध होतं?

आता दशांश किती दाखवायचे? एक पायरी १२ मिलिव्होल्टची आहे, आणि चिपची स्वतःची चूकही एक-दोन पायऱ्यांची असू शकते. म्हणजे दशांशानंतरचा दुसरा अंकच डळमळीत. तिसरा, चौथा अंक भागाकारातून आलाय, बॅटरीतून नाही. सोळा मापांची सरासरी घ्या आणि दोनच दशांश दाखवा. आणि मोजणी १०२३ वर अडकली, तर आकड्याऐवजी 'पल्ल्याबाहेर' असं लिहा. नाहीतर चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी, जी खरं तर १२.६ च्या पुढे असते, ती १२.०९ दिसेल आणि आपण ते खरं मानून बसू.

मागून एक चांगला प्रश्न आलाय: सगळं जुळवूनही एखाद्या सर्किटमध्ये हा मीटर भलतंच दाखवतो, ते का? करून पाहा. ९ व्होल्टच्या बॅटरीला १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर ओळीने लावा. मधल्या बिंदूवर साडेचार व्होल्ट हवेत. १० मेगाओहमचा मल्टिमीटर ४.४८ दाखवेल. आपला मीटर दाखवेल ३.०९! गंमत म्हणजे, तो खोटं बोलत नाहीये. तो लावल्यावर तिथे खरोखरच ३.०९ व्होल्ट उरतात. आपल्या मीटरचा स्वतःचा रोध ११० किलोओहम, म्हणून तो सर्किटमधून बराच करंट ओढतो आणि जे मोजायचं तेच खाली आणतो. मग रेझिस्टर दहापट मोठे घेऊ, असं कुणीही म्हणेल. पण पिनच्या मागचा रोध सुमारे १० किलोओहमपर्यंत असावा अशी या चिपची अपेक्षा असते. आपली जोडी ९ किलोओहमच्या आसपास बसते. ती मोठी केली, तर तोलण्यापूर्वी चिपमधला बारकासा कपॅसिटर पुरता भरत नाही. एकीकडे सोडवायला गेलं, की दुसरीकडे अडतं. सेल आणि बॅटरीसाठी मात्र आपली जोडी उत्तम आहे, कारण त्यांचा स्वतःचा रोध फार कमी असतो.

प्रदर्शनात हा मीटर मांडाल तेव्हा शेजारी एक कार्ड ठेवा. त्यावर चार गोष्टी लिहा: पल्ला, एका पायरीचं मूल्य, गुणक कोणत्या मल्टिमीटरवरून आणि कोणत्या तारखेला काढला, आणि मीटरचा स्वतःचा रोध. मग परीक्षकांनी "खरं कोणतं?" विचारलं, तर मुलांना गप्प उभं राहावं लागणार नाही. "दोन-तीन पायऱ्यांइतकं इकडे-तिकडे होईल, त्यापुढे आमची हमी नाही," असं ती सरळ सांगू शकतील, आणि का ते करूनही दाखवतील.