गोवराचे पुरळ आणि अंगातले राखणदार



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण उसाला सोडून नाही. हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात, फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात आणि कोप्यांत लहान मुले असतात. त्या मुलांना आणि आपल्या घरच्या मुलांना गोवरापासून वाचवायचे, तर अंगातली राखणीची व्यवस्था कशी चालते हे समजून घेतलेले बरे.

काणी रोग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. रोग बेटाच्या आत असतो, वरून फवारा मारून तो जात नाही. शेंड्यातून काळा चाबूक निघालेला दिसला की आपण त्यावर पोते घालतो, बेट मुळासकट उपटतो आणि जाळून टाकतो. एक बेट जाते, पण प्लॉट वाचतो. विषाणूंचेही तसेच आहे. रक्तात मोकळे हिंडणारे विषाणू पकडायला प्रतिपिंडे असतात. पण विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की प्रतिपिंडांचा हात सहसा तिथवर पोचत नाही. आत बसून तो आपल्या प्रती काढत राहतो. अशा वेळी ती पेशीच नष्ट करावी लागते. हे काम ज्या पांढऱ्या पेशी करतात त्यांना मारक टी पेशी म्हणतात.

या पेशींची पैदास हाडांच्या मगजात होते. तिथून त्या कोवळ्या अवस्थेत छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेल्या थायमस ग्रंथीत जातात. टी पेशीतला 'टी' हा थायमसचाच. ही ग्रंथी बिनकामाची आहे असा डॉक्टर लोकांचा फार दिवस समज होता. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर या शास्त्रज्ञांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून पाहिली. त्या उंदरांच्या अंगात या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या, ते रोगाला सहज बळी पडू लागले आणि दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडीसुद्धा त्यांच्या अंगावर टिकू लागली. म्हणजे आपले कोण आणि परके कोण, हे सांगणारेच कोणी उरले नाही.

थायमसमध्ये पेशींच्या दोन परीक्षा होतात. पहिली अशी की, आपल्या शरीराच्या पेशींवरचा ओळखीचा बिल्ला तिला वाचता येतो का? दुसरी अशी की, आपल्याच निरोगी पेशीवर ती धावून जाते का? पहिलीत नापास झालेली आणि दुसरीत धावून गेलेली, दोन्ही तिथेच मरतात. शंभरातून जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. आपण बेणेमळ्यात निवड करतो, पण इतकी कडक निवड आमच्या शेतकी खात्यालाही जमायची नाही!

आता आत लपलेला विषाणू बाहेरून ओळखायचा कसा? कारखान्यात जसा रसाचा नमुना काढून तपासतात, तसे शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे त्या बिल्ल्यावर ठेवून बाहेर दाखवत असते. तुकडे नेहमीचे असतील तर मारक पेशी पुढे जाते, विषाणूचा तुकडा दिसला तर ती थांबते. ही गोष्ट ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवर प्रयोग करून १९७४ साली मांडली. विषाणूचा तुकडा आणि आपला बिल्ला, दोन्ही एकत्र दिसले तरच मारक पेशी काम करते, असे त्यांना दिसून आले. १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यांतले डोहर्टी हे मुळात गुरांचे डॉक्टर, हे आपण शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

थायमसमधून निघालेली पेशी लगेच मारू लागत नाही. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते आपण बघतो. अशा गाठी अंगात अनेक ठिकाणी आहेत. रोगाच्या जागेवरून दुसऱ्या जातीच्या पेशी विषाणूचे तुकडे उचलून या गाठींत आणतात. तिथे ज्या मारक पेशीला तो तुकडा जुळतो ती जागी होते. पण नुसते जुळणे पुरत नाही, आणणाऱ्या पेशीकडून धोक्याचा दुसरा इशाराही मिळावा लागतो. चेकवर दोन सह्या असल्याशिवाय बँक पैसे देत नाही, त्यातलाच प्रकार. मदतनीस टी पेशींचेही साह्य लागते. मग ती पेशी भराभर दुभंगत जाते आणि आठवडाभरात एकीच्या हजारो होतात.

ही फौज रक्तातून रोगाच्या जागी पोचते. मारक पेशी आजारी पेशीला चिकटते आणि दोन प्रकारची द्रव्ये सोडते. एक तिच्या आवरणाला भोके पाडते, दुसरे त्या भोकांतून आत जाऊन पेशीला स्वतःच मरायला लावते. पेशी आवरून-सावरून मरते, आतला माल सांडत नाही, आणि मारक पेशी पुढच्या पेशीकडे वळते. रोग हटला की फौजेतल्या बहुतेक पेशी मरून जातात. थोड्या मात्र आठवण धरून राहतात. तोच रोग पुन्हा आला तर त्या वेळ न दवडता कामाला लागतात.

आता गोवराकडे येऊ. लागण झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते. हे पुरळ म्हणजे मारक पेशींनी कातडीतल्या आजारी पेशींवर केलेल्या हल्ल्याची खूण होय. ज्या मुलांच्या अंगात टी पेशी कमी असतात त्यांना कधीकधी पुरळ उठतच नाही आणि न्यूमोनिया होऊन जीव जातो. गोवर आत राहिला तर वाईट, असे जुन्या बायका म्हणत. त्यात थोडे तथ्य आहे ते असे. पण म्हणून पुरळाची वाट बघत मूल घरी ठेवायचे असे नव्हे. डॉक्टरला दाखवलेच पाहिजे.

गोवराचा दुसरा घात याहून मोठा. हा विषाणू आठवण धरून राहिलेल्या पेशींनाच गाठून मारतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्या मुलांची आधीची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत घटलेली आढळली. म्हणजे गोवर बरा झाला तरी इतर रोगांची राखण ढिली होते. लसीत हाच विषाणू अशक्त करून दिलेला असतो. तो पेशीत शिरतो, मारक पेशी तयार होतात, आठवणही राहते आणि हा घात मात्र होत नाही.

गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो. २०२२ साली मुंबईत साथ आली ती आपण वाचली आहे. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, असे दोन्ही मोफत मिळतात. चुकलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो. टोळीतल्या मुलांचा डोस चुकतो तो आईबापांच्या हयगयीने नव्हे. डोसाची तारीख येते तेव्हा ती गावाहून दूर आपल्या फडात असतात.

सबब विनंती अशी की, तुमच्या फडावर टोळी आली की मुकादमाला कोयत्यांची संख्या विचारता, तशी पाच वर्षांखालील मुलांची संख्याही विचारा. लसीकरणाचे कार्ड आहे का ते बघा. नसले तरी अडत नाही, गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्रात तेवढे कळवा. आणि आपल्या घरच्या मुलाचा दुसरा डोस झाला आहे का, तेही आज संध्याकाळी कार्ड काढून पाहा.