‘विमान’ शब्दात पंख कुठे आहेत?

आजचा शब्द आहे ‘विमान’. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली. म्हणजे पनवेलकरांसाठी हा आता रोजचाच शब्द झालाय.

गंमत बघा, या शब्दात ना पंख आहेत, ना आकाश. संस्कृतमध्ये ‘मा’ धातूचा अर्थ मोजणे. प्रमाण, परिमाण, अनुमान ही सगळी त्याचीच भावंडं. त्याला ‘वि’ हा उपसर्ग लागला आणि ‘विमान’ झालं. ऋग्वेदात त्याचा अर्थ मोजणारा, अंतर मापत पार करणारा असा आहे. पुढे हा शब्द देवांच्या वाहनाला लागला. पुष्पक विमान तर सगळ्यांना ठाऊक आहे. आखून-मापून उभारलेली वास्तूही विमानच! तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गाभाऱ्यावरच्या शिखराला आजही विमान म्हणतात.

आणि तुकोबांना वैकुंठाला नेणारं विमान? ते तर यंत्रं उडायच्या कितीतरी आधीपासून मराठी माणसाच्या ओळखीचं. त्यामुळे खरी विमानं आली तेव्हा आपल्याकडे शब्द तयारच होता. हिंदीतलं ‘हवाई जहाज’ मात्र समुद्रावरून आलं.

मग ‘जेट’ काय? त्याचं मूळ फ्रेंचमध्ये, अर्थ फेकणे. इंजिन गरम वायू जोरात मागे फेकतं, म्हणून विमान पुढे जातं. ‘विमानतळ’मधला ‘तळ’ म्हणजे मुक्कामाची जागा. आपला पालखीतळ असतो ना, तोच!

आता परत मोजण्याकडे येऊ. इथल्या गावांनी विमान बघण्याआधी मोजणी बघितली. १,१६० हेक्टरच्या या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी १० गावं उठली. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढताना ५ शेतकऱ्यांनी जीव गमावला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. विमानतळबाधितांसाठी ती साडेबावीस टक्के झाली. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर का उतरले, ते यावरून कळतं.

तेव्हा विमानाचा फोटो टाकताना खालच्या गावांची नावंही लिहा. मोजमाप त्यांच्याच जमिनीचं झालंय. भेटू पुढच्या भागात!