ॲनिमेवरचे ओपन-वर्ल्ड गेम: नकाशा मोठा, पण फिरायचं काहून?

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. एटापल्ली, भामरागडकडून ज्यांच्या फोनवर नेटवर्कची एकच काडी येते आणि ऑडिओ अडकत अडकत चालतो, त्यांनी हा आरामात वाचावा. बाकीच्यांनी ऐकता ऐकता वाचला तरी चालेल.

विषय तुम्हीच सुचवलेला: ॲनिमेवर आधारित ओपन-वर्ल्ड गेम चांगले का वाटतात, आणि बरेचदा दोन दिवसांत कंटाळा का आणतात? डेटा, स्टोरेज आणि सुट्टीतला वेळ, तिन्ही आपल्याकडे मोजकंच असतं. म्हणून डाउनलोडचं बटण दाबायच्या आधी हे समजून घेऊ.

आधी ओपन-वर्ल्ड म्हणजे काय ते बघू

ताडोबाची सफारी डोळ्यांसमोर आणा. गेट ठरलेलं, वेळ ठरलेली, जिप्सी ठरलेली, सोबत गाईड. रस्ता सोडायचा नाही, खाली उतरायचं नाही. ॲनिमे सिरीज अशीच असते. दिग्दर्शक नेईल तिकडे जायचं, तो दाखवेल ते बघायचं. मजा त्यातही आहेच.

आता त्याच जंगलाच्या बफरमधल्या गावातला माणूस घ्या. मार्च-एप्रिलमध्ये तो पहाटे मोहफुलं वेचायला जातो, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. कोणत्या झाडाखाली मोह जास्त पडतो, कोणत्या नाल्याला अजून पाणी आहे, कुठे एकटं जायचं नाही, हे त्याला पाठ असतं. त्याच्यासाठी जंगल म्हणजे ओपन वर्ल्ड. वाट त्याची तो निवडतो, धोका खरा असतो, आणि मुख्य म्हणजे फिरायला कारण असतं.

हे ‘कारण’ लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग त्याच्याभोवती फिरणार आहे.

जमेची बाजू: आवडत्या जगात पाय ठेवणं

ॲनिमेवरच्या गेमला एक मोठा फायदा आयता मिळतो. जग आधीच आपल्या ओळखीचं असतं. नव्या गेमला सांगावं लागतं की हा कोण, ही कोण, हे गाव कोणतं. नारुटोचं कोनोहा मात्र आपल्याला आधीच माहीत. २००७ मध्ये युबिसॉफ्टने ‘नारुटो: राइज ऑफ अ निंजा’ काढला, तेव्हा लोकांना सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, की गावाच्या छपरांवरून मनसोक्त पळता येतं.

दुसरा फायदा म्हणजे हालचाल. ‘ड्रॅगन बॉल झेड: काकारॉट’ जानेवारी २०२० मध्ये आला. त्याचा नकाशा एकसंध नाही, वेगवेगळ्या भागांत तोडलेला आहे. तरीही गोकू होऊन डोंगरांवरून उडायला मिळतं, तेव्हा लहानपणी टीव्हीसमोर बसून जे मनात केलं ते हातात येतं. आणि या गेममधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मारामारीची नाहीच. चीचीने रांधलेलं जेवण, मासेमारी, आणि गोकू-पिकोलो गाडी चालवायचं लायसन्स काढायला जातात तो प्रसंग. तिथे गोकू हिरो नसतो, घरचा माणूस असतो.

कमकुवत बाजू: हिरोला फुरसत कुठे आहे?

आता अडचण. ॲनिमेची कथा धावत असते. शत्रू येतोय, मित्र संकटात आहे, वेळ संपत चाललाय. ओपन वर्ल्ड मात्र सांगतं, थांब, हवं तिकडे जा. दोघांचं पटत नाही. पृथ्वीवर संकट घोंगावतंय आणि आपण सफरचंदं गोळा करतोय. हसू येतं, पण कथेचा ताण सुटतो.

दुसरी अडचण, शेवट ठरलेला. काकारॉटची कथा रॅडिट्झपासून बूपर्यंत मूळ मालिकेच्याच वाटेने जाते. तुम्ही कितीही तयारी करा, कितीही लेव्हल वाढवा, गोकू जिथे मरायचा तिथे मरतोच. म्हणजे मोकळीक फक्त पायांना आहे, निर्णयाला नाही.

मग नवीन कथा लिहायची? ‘वन पीस: वर्ल्ड सीकर’ने मार्च २०१९ मध्ये तेच केलं. नवीन बेट, नवीन पात्रं, आणि रबरासारखे हात ताणून इमारतींवर झेप घेणारा लुफी. कल्पना झकास! पण झालं काय? बेट मोठं आणि रिकामं. कामं तीच ती: इथून हे आण, तिथे त्याला मार. त्यात मूळ गेममध्ये खेळता येतो फक्त लुफी. सांजी, नामी गेममध्ये आहेत, पण त्यांना चालवता येत नाही. अरे, वन पीस म्हणजे तर अख्खी गँग! शिवाय ही कथा मूळ मालिकेच्या बाहेरची, म्हणून गेम संपल्यावर कुणाचंच काही बदलू शकत नाही.

इथे ‘कारण’ हरवलं. जंगल दिलं, पण मोहाचं झाड लावायला विसरले.

शिनचॅनने हे कसं जमवलं?

हसू नका. २००६ पासून आपल्या टीव्हीवर असलेल्या शिनचॅनवरचा ‘मी अँड द प्रोफेसर ऑन समर व्हेकेशन’ हा गेम या बाबतीत मोठमोठ्यांना शिकवेल असा आहे. जपानमध्ये २०२१ ला आला, बाहेर २०२२ ला. नीट बघितलं तर हा ओपन वर्ल्ड म्हणण्याइतका मोठा नाहीच. क्युशू बेटावरच्या कुमामोतोमधलं एक लहानसं गाव, बस्स. पण तिथे शिनचॅन सुट्टीला आलेला आहे. सुट्टीत पोरगं काय करतं? किडे पकडतं, मासे धरतं, गावभर हुंदडतं. म्हणजे फिरणं हीच कथा! ॲनिमे आणि ओपन वर्ल्डचं भांडणच मिटलं.

त्या गावात डायनासोरही फिरतात, आणि गावकरी फारसं मनावर घेत नाहीत. आपल्या सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, त्यामुळे गाव आणि डायनासोर ही जोडी गडचिरोलीकरांना तरी फार विचित्र वाटू नये.

पुढचा गेम, ‘शिरो अँड द कोल टाउन’, २०२४ चा. यात अकिता भागातलं शांत खेडं आणि ट्रेनने पोहोचायचं एक गूढ कोळशाचं गाव. एका बाजूला शेती-नदी, दुसऱ्या बाजूला काजळी, ट्रॉल्या आणि धूर. चंद्रपूरच्या माणसाला याचं वेगळं स्पष्टीकरण लागतं का? आपल्याकडे एका दिशेला ताडोबा, दुसरीकडे कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. म्हणूनच मला वाटतं, जग किती किलोमीटरचं आहे यापेक्षा त्यात रोजचं जगणं किती भरलंय हे महत्त्वाचं.

आता फोनकडे येऊ

इथे दोन गोष्टी नीट ऐका.

एक. काकारॉट आणि वर्ल्ड सीकर अँड्रॉइडवर अधिकृतपणे निघालेलेच नाहीत. कुणी ‘काकारॉट मोबाईल, फक्त ५०० एमबी’ म्हणून एपीकेची लिंक पाठवली तर भाऊ, हात लावू नका. तो गेम नाही. फोनमधल्या बँकेच्या ॲपला मात्र तो महागात पडू शकतो.

दोन. फोनवर जे मिळतं, उदाहरणार्थ २८ सप्टेंबर २०२० ला आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’, ते ॲनिमेवर आधारित नाही. चेहरामोहरा ॲनिमेचा, कथा स्वतःची. याचा फायदा असा की जग पहिल्यापासून फिरण्यासाठीच बांधलेलं असतं. दिसलेल्या डोंगरावर चढता येतं, वर गेल्यावर काहीतरी सापडतं. कारण हजर! तोटा असा की स्टोरेज वीस जीबीच्या घरात किंवा त्याहून जास्त लागतं आणि दर अपडेटला डेटा जातो.

आणि मोठा तोटा म्हणजे गाचा. सोप्या भाषेत, पात्रांची सोडत. गेन्शिनमध्ये पाच-तारा मिळण्याची मूळ शक्यता दर वेळी ०.६ टक्के. म्हणजे दहा वेळा ओढलंत तर रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता जवळपास ९४ टक्के. पन्नास वेळा ओढलं तरी साधारण ७४ टक्के. नव्वदाव्या वेळी पाच-तारा नक्की मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याची पहिल्या खेपेला खात्री नाही. ॲनिमेमध्ये आवडतं पात्र बघायला पैसे लागत नव्हते. इथे आपल्या त्याच प्रेमावर दुकान उभं आहे. फुकटात फिरायला हे जग छानच आहे. फक्त वडिलांच्या यूपीआयला त्यापासून लांब ठेवा.

डाउनलोडच्या आधी विचारायचे चार प्रश्न

१. या जगात मारामारी सोडून करायला काय आहे? एकच उत्तर सुचलं तर थांबा.

२. ट्रेलरमध्ये दिसलेली पात्रं खरंच खेळता येतात का, की फक्त बोलायला ठेवलीत?

३. नेट गेल्यावर गेम चालतो का? आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात वर ठेवला तरी चालेल.

४. आवडतं पात्र गेमसोबत मिळतं, की सोडतीत निघतं?

चारही उत्तरं पटली तर खुशाल खेळा. नाही पटली, तर एखाद्याचा गेमप्ले व्हिडिओ बघून घ्या, वीस जीबी वाचतील.

जाता जाता एक काम देतो. समजा तुमच्या गावावर असा गेम निघाला, तर त्यात खेळणाऱ्याने पहाटे उठून कुठे जायचं, आणि काहून? व्हॉइस नोट पाठवा, नेट नसेल तर साधा मेसेज करा. चांगली उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटूच मंडळी!