आडनावात हरवलेले आजोबा

चार्ल्स लिंडबर्ग हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९२७ च्या मे महिन्यात हा पंचवीस वर्षांचा अमेरिकन वैमानिक न्यूयॉर्कहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता साडेतेहेतीस तासांनी पॅरिसला उतरला. आता समजा, तुम्हांला या लिंडबर्गच्या आजोबांचा शोध घ्यायचा आहे. ते मूळचे स्वीडनचे. मग काय, स्वीडनच्या जुन्या दप्तरात 'लिंडबर्ग' शोधायचं, एवढंच ना?

शोधा बरं! बसाल पानं उलटत. कारण स्वीडनमध्ये आजोबांचं नाव होतं ओला मोन्सन. ते तिथल्या संसदेचे सभासद होते. बँकेच्या पैशांच्या प्रकरणात त्यांच्यावर आरोप झाले आणि १८५९ साली त्यांनी देश सोडला. अमेरिकेतल्या मिनेसोटात ते राहिले ऑगस्ट लिंडबर्ग या नावानं!

अमेरिकेला गेलेले ते काही एकटेच नव्हते. १८५० ते १९३० या काळात सुमारे बारा-तेरा लाख स्वीडिश माणसं बोटीनं तिकडे गेली. आणि स्वीडन केवढा? १९०० साली अख्ख्या देशाची लोकसंख्या ५१ लाख! वाटण्या होत होत शेताचे तुकडे पडले होते, त्यात १८६७ पासून दुष्काळाची वर्षं आली. त्या माणसांची नातवंडं-पतवंडं आज विचारतात, "आम्ही मूळचे कुठले?"

याचं उत्तर चर्चच्या वह्यांत आहे. १६८६ च्या कायद्यानं तिथल्या पाद्र्यांना जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद ठेवायला लावली. शिवाय आणखी एक गमतीची वही होती. पाद्री घरोघरच्या माणसांची चक्क परीक्षा घ्यायचा! धर्माचं छोटं पुस्तक वाचता येतं का, पाठ आहे का, अर्थ समजतो का, हे बघून नावापुढे खुणा करायचा. आजी-आजोबांचीसुद्धा परीक्षा बरं का! (हे माझ्या वर्गात सांगितलं, तेव्हा पाच मिनिटं कुणी पुढचं ऐकेना.) या वहीत घरातल्या माणसांची नावं एकाखाली एक असत. घरधनी, त्याची बायको, मुलं, आणि घरचा गडी, मोलकरीणसुद्धा. कोण कुठे जन्मलं, देवीची लस टोचली का, कुठून आलं, कुठे गेलं, सारं त्याच ओळीत. ज्याच्या मालकीचं एक भांडंही नव्हतं, त्याचंही नाव इथे आहे. मला तर या वह्यांची हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

या वह्यांच्या पानांची छायाचित्रं स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं इंटरनेटवर ठेवली आहेत. २०१८ पासून ती बघायला पैसेही पडत नाहीत. पण नाव टाइप केलं की आजोबा हजर, असं दर वेळी होत नाही. चर्चच्या कोणत्या हद्दीतलं गाव आणि साधारण कोणतं वर्ष, हे आधी ठाऊक असेल तर काम सोपं.

कारण नावांचा गोंधळ! तिथल्या खेड्यांत पूर्वी आडनावं नव्हतीच. अँडर्सचा मुलगा अँडर्सन. त्याचं नाव लार्स असेल, तर त्याची मुलं लार्सन आणि मुली लार्सडॉटर, म्हणजे लार्सची मुलगी. लग्न झालं तरी मुलीचं नाव तेच. म्हणजे एका घरात आजोबांचं, वडिलांचं आणि आईचं 'आडनाव' वेगवेगळं! माझ्या वर्गात एका वर्षी चार पाटील होते, तर हजेरी घेताना माझी तारांबळ उडायची. मग सैन्यात एका तुकडीत दहा अँडर्सन असले तर? म्हणून सैनिकांना छोटी नावं मिळायची. रास्क म्हणजे चपळ, मूडिग म्हणजे शूर. शिकलेले लोक आपली नावं आपणच घ्यायचे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणारा लिनियस तुम्हांला माहीत आहे ना? त्याचे वडील मूळचे नील्स इंगेमार्सन. घराजवळच्या मोठ्या लिंडेन झाडावरून त्यांनी लिनियस हे नाव घेतलं!

तारखाही चकवतात. १७१२ साली स्वीडनमध्ये ३० फेब्रुवारी होती. चूक नाही, खरंच होती! पंचांगातला घोळ निस्तरायला एक दिवस वाढवला होता.

आणखी एक चकवा आहे, पण तो गमतीचा नाही. एकाच घरात कधी कधी दोन कारिन सापडतात. पहिली लहानपणीच गेलेली असते, आणि पुढे झालेल्या मुलीला आईबापांनी तेच नाव ठेवलेलं असतं. घाईनं शोधणारा पहिलीची जन्मतारीख उतरवून घेतो आणि जी जगलीच नाही तिला आपली पणजी समजून बसतो. म्हणून जन्माची नोंद मिळाली की मृत्यूची वहीसुद्धा बघायचीच.

आता समजा, मिनेसोटातली एक मुलगी आपल्या कारिन पणजीला शोधते आहे. सुरुवात घरापासून. अमेरिकेतल्या स्वीडिश लोकांच्या चर्चनंही अशाच वह्या ठेवल्या होत्या. तिथे कारिनचं जन्मगाव आणि जन्मतारीख मिळते. मग स्वीडनमधल्या त्या गावची जन्माची वही. तिच्यातून आईबापांची नावं आणि घर. मग परीक्षेची वही, त्या घराचं पान.

आणि कारिनच्या नावावर आडवी रेघ! दचकू नका. माणूस वारलं तरी रेघ मारत, आणि गाव सोडून गेलं तरी रेघच मारत. मुलगी ओळीवर बोट ठेवून शेवटच्या रकान्यापर्यंत जाते. तिथे पाद्र्यानं बारीक अक्षरात लिहिलंय, 'उ. अमेरिका'.

त्याच पानावर वरच्या ओळीत कारिनच्या आईचं नाव आहे. त्यावर रेघ नाही. पुढच्या वहीत ते घर पुन्हा येतं, तेव्हा त्या पानावर दोनच नावं आहेत, आईचं आणि वडिलांचं.