बाळाच्या गळ्याखालचे हाड

घरात बाळ जन्मते. सगळ्यांना आनंद होतो. पण कधी कधी ते बाळ एक हात हलवत नाही. उचलले की कळवळून रडते. मग कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी सुईणीला बोल लावते, कोणी सुनेला. खरे कारण काय? आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण डॉक्टर काय सांगतात, ते सोप्या शब्दांत सांगतो.

आपल्या गळ्याखाली बोट फिरवून पाहा. छातीपासून खांद्यापर्यंत एक आडवे हाड लागेल. त्याला हासळी म्हणतात. बाळंतपणात बाळाचे हाड मोडलेच, तर बहुधा हेच मोडते.

बाळाचे डोके आधी बाहेर येते, मागून खांदे येतात. खांदे अडकले की या कोवळ्या हाडावर ताण पडतो. बाळ चार किलोच्या वर असले, तर ही भीती जास्त. आईच्या रक्तात साखर वाढली, तर बाळ पोटात जादा वाढते. त्याचे खांदे रुंद होतात. कळा फार लांबल्या किंवा चिमटा लावून बाळ काढावे लागले, तरी भीती असते. पण पुष्कळदा यांतले एकही कारण नसते. चांगल्या दवाखान्यातही असे घडते.

मग आपण काय करावे? गरोदर बाईची साखर दोनदा तपासून घ्यावी. एकदा नाव नोंदवताना आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात. मागच्या खेपेला खांदे अडकले असतील, तर ते नर्सबाईंना आधीच सांगावे. बाळंतपण दवाखान्यातच करावे. 2011 सालापासून सरकारी दवाखान्यात ते फुकट होते. सोलापूरला सिव्हिल हॉस्पिटल आहेच.

हाड मोडलेच, तर घाबरू नका. तिथे तेल चोळू नका. हात ओढू नका. डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा झबल्याची बाही छातीशी पिनेने अडकवायला सांगतात. आठ-दहा दिवसांनी तिथे गाठ हाताला लागते. ती हाड सांधत असल्याची खूण आहे. दोन-तीन आठवड्यांत हाड जुळते.

मात्र हात अगदी लुळा पडला असेल, तर शिरेला इजा झालेली असू शकते. तेव्हा एक दिवसही थांबू नका.

सुनेला बोल लावून हाड जुळत नाही. तिला वेळेवर तपासणीला न्या. त्यातच बाळाचे हित आहे.